एमपी३ फायली फ्लॅकमध्ये बदलल्यास गेलेला आवाज परत येतो का?

प्रश्न – जुना संग्राहक

२००० सालाच्या आसपास जमवलेली काही शे गाणी माझ्याकडे १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ स्वरूपात आहेत. चांगल्या हेडफोनवर ऐकताना झांजांचा आणि टाळ्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, म्हणून काही फायली फ्लॅक या आवाजातले काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात बदलून पाहिल्या. आकार कित्येक पटींनी वाढला, आवाज मात्र होता तसाच राहिला. रूपांतर करताना माझे काही चुकले का? आणि एवढी उणीव असलेले स्वरूप मुळात इतके रूढ कसे झाले?

प्रतिसाद – कानसेन

आपले काहीही चुकलेले नाही. सीडीवर दोन्ही वाहिन्यांचे दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. आपल्या फायलींत त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरला आहे. एखादा मोठा स्वर वाजत असताना त्याच्या जवळच्या कंप्रतेचा क्षीण स्वर कानाला जाणवत नाही, या गुणधर्माच्या आधारे एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाइल तयार करणारी प्रणाली, असे भाग ढोबळपणे नोंदवतो किंवा गाळून टाकतो. लांबलेल्या स्वरांना हे बरेचसे मानवते. झांज किंवा टाळी यांसारखा ध्वनी एकदम उमटतो तेव्हा मात्र नोंदीतील त्रुटी त्या आघाताच्या आधीच्या शांततेतही पसरते, आणि आपल्याला खटकते ते बहुधा हेच. फ्लॅक हाती आलेले जसेच्या तसे जपते. जे आधीच गाळले गेले ते त्याने आणायचे कोठून? याच फायली ३२० केबीपीएसमध्येही बदलू नयेत, कारण ती दुसऱ्यांदा लावलेली गाळणी ठरते.

प्रतिसाद – मोडेमकालीन

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आवाजात नसून वाहतुकीत आहे. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या ५६ केबीपीएसच्या मोडेमवर चार मिनिटांचे गाणे सीडीच्या प्रतीचे, म्हणजे सुमारे ४२ एमबीचे घ्यायचे म्हटले, तर पूर्ण वेग मिळूनही शंभर मिनिटे लागली असती. १२८ केबीपीएसला तेच काम नऊ मिनिटांवर येत असे. (पूर्ण वेग कधी मिळत नसे, ही गोष्ट वेगळी.) जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यावर वर्षानुवर्षे काम केले, ते एमपी३चे तंत्र १९९० च्या दशकाच्या आरंभीच प्रमाणित झाले होते. १९९९ मध्ये नॅप्स्टर आले आणि लोक एकमेकांच्या संगणकांवरून गाणी घेऊ लागले. ते २००१ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर बंद पडले, तरी सवय लागून गेली होती. बड्या कंपन्यांची सुटी गाणी सोयीने विकणारे अ‍ॅपलचे दुकान एप्रिल २००३ मध्ये, ९९ सेंटना एक गाणे या दराने, उघडले. माझ्या मते मधल्या वर्षांतील फुकटेगिरीचा बराचसा दोष या दिरंगाईकडेच जातो.

प्रतिसाद – विकत घेणारा

गाणी विकणाऱ्या अशा दुकानांची दुसरी बाजूही नोंदवतो. विकत घेतलेल्या फायलींना कुलूप असे, म्हणजे त्या परवानगी असलेल्या संगणकांवरच वाजत. मी ज्या एका दुकानातून गाणी घेतली होती, ते बंद झाल्यावर नव्या संगणकावर त्या फायली उघडेनात. फुकट उतरवलेली एमपी३ मात्र कोठेही वाजत होती. अ‍ॅपलच्या त्या दुकानाने, म्हणजे आयट्यून्सने, आपल्या संगीतावरील कुलूप २००९ मध्ये पूर्णपणे काढले, पण तोवर माझ्यासारख्या अनेकांचा विश्वास उडाला होता.

प्रश्नकर्ता – जुना संग्राहक

आभारी आहे. काही सीडी अजून कपाटात आहेत. त्यांवरून नव्याने फायली करताना फ्लॅकच घ्यावे का?

प्रतिसाद – कानसेन

साठवणीसाठी फ्लॅकच घ्यावे. त्यावरून पुढे हवी ती लहान प्रत केव्हाही करता येते. फिरताना ऐकण्यासाठी २५६ केबीपीएसची प्रत करून, कोणती फाइल वाजते आहे हे न पाहता दोन्ही ऐकून पाहा. फरक ओळखता आला नाही, तर फोनमध्ये लहान प्रतच ठेवावी.