'मुक्त झाला' म्हणजे कोण गेलं? फ्री एजंटला मराठीत काय म्हणायचं

बाकडेवाला
मंडळी मदत पाहिजे, आणि जरा लवकर, कारण घरी गोंधळ झालाय. आम्ही कॉलेजपासूनचे पाच मित्र बास्केटबॉल जीएम खेळतो, ब्राउझरवरचा गेम आहे, ३० टीम, खेळाडू सगळे कंप्युटरनं जन्माला घातलेले, मॅच आपण खेळायचीच नसते, नुसती मॅनेजरकी करायची. एकाच फाइलवर पाच टीम आमच्या, उरलेल्या कंप्युटरच्या. मी कमिशनर म्हणजे बटणं दाबणारा, आणि दर रविवारी सीझनच्या बातम्या ग्रुपवर मराठीत लिहायच्या ही माझी शिक्षा, एक पैज हरलो होतो.

तर माझ्याच टीमचा सेंटर, आम्ही त्याला लांब्या म्हणतो, त्याचा करार संपला. मी हेडिंग दिलं 'अखेर लांब्या मुक्त झाला', आणि चुकून ते फॅमिली ग्रुपवर गेलं. दोन मिनिटांत आत्याचा फोन, कोण रे लांब्या, कधी गेले, वय काय होतं. मी आपला झोपेत, म्हटलं एकोणतीस. झालं, आत्या रडायलाच लागली.

तर प्रश्न असा की करार संपून बाजारात उभा राहिलेल्या खेळाडूला मराठीत काय म्हणायचं? आणि त्यानं नवी टीम निवडली की कुठलं क्रियापद? 'फ्री एजंट' तसंच ठेवा म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, पैजेत इंग्रजी शब्दाला दंड आहे, शब्दामागे एक वडापाव.

शुद्धलेखन_नको
आत्या मस्त. 😂

'मुक्त अभिकर्ता' मात्र लिहू नकोस, मी एका ठिकाणी खरंच वाचलंय, वाटलं इन्शुरन्सवाला आहे.

पेठकर
मुळात इथला एजंट म्हणजे दलाल नव्हे ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. खेळाडूचा एजंट वेगळा, तो कमिशन खाणारा. फ्री एजंटमधला एजंट म्हणजे स्वतःच्या मर्जीनं वागणारा, आपला आपण मुखत्यार. त्यामुळे एजंटला शब्द शोधायची गरजच नाही, अवस्थेला शोधा. पेपरात 'करारमुक्त' चालतं आणि ते वाईट नाही, पण एक भानगड आहे. 'करारमुक्त झाला' म्हणजे मुदत संपली. 'करारमुक्त केला' म्हणजे टीमनंच नारळ दिला. एका क्रियापदात माणसाची इज्जत इकडची तिकडे होते, घाईत लिहिणारे दोन्ही सरमिसळ करतात आणि वाचणाऱ्याला कळत नाही की हा हिरो आहे का हाकललेला.

आणि नुसतं 'मुक्त' तर नकोच, कारण मराठीत माणूस मुक्त होतो तो एकतर तुरुंगातून, नाहीतर देहातून. तुझ्या आत्याचं काहीच चुकलं नाही.

वानखेडे_गेट_३
आयपीएलमधून उचला की सरळ. रिटेन केला, रिलीज केला, लिलावात गेला. सगळ्यांना कळतं.

पेठकर
@वानखेडे_गेट_३ दादा तिथेच तर फरक आहे. लिलावात खेळाडू निवडत नाही, त्याला निवडतात. ऋषभ पंतचं आठवा, २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाला लिलाव, बोली २०.७५ कोटीवर थांबली, त्याच्या जुन्या टीमनं, दिल्लीनं, राइट टू मॅच कार्ड काढलं, मग लखनौनं आकडा थेट २७ कोटींवर नेला आणि दिल्ली गप्प. या सगळ्यात पंतला कोणी विचारलं का, बाबा तुला कुठं जायचंय? एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, अगदी असंच मॅच करायचा हक्क असलेला प्रकार आहे, रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणतात, जुनी टीम तेवढाच आकडा भरून खेळाडू ठेवून घेऊ शकते. पण तिथेसुद्धा दुसऱ्या टीमच्या ऑफरवर सही करायची की नाही हे आधी खेळाडू ठरवतो. लिलाव हा शब्द वापरलास की खेळाडूचं डोकंच गायब होतं, राहतो तो माल.

आखाजी
मी गावाकडचा शब्द देतो, बघा पटतो का. साल सुटणे.

आमच्या खान्देशात सालदार असतो, तुमच्याकडे सालगडी म्हणत असतील. वर्षभराच्या बोलीवर शेतात राहायचं, रोख इतके, ज्वारी इतकी, कपड्याचा जोड, पायताण. मराठवाडा विदर्भाकडे हे साल पाडव्याला बदलतं, आमच्याकडे आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी साल सुटलं की गडी मोकळा, पारावर बसलेला असतो, आणि चांगला गडी असेल ना तर दोन तीन मालक चहा पाजायला येतात. मग तो ठरवतो यंदा कोणाकडे साल धरायचं. साल सुटलं, साल धरलं. याच्याइतका फ्री एजन्सीला चपखल शब्द इंग्रजीतसुद्धा नाही, आणि यात कोणी कोणाला सोडून गेलेलं नसतं, पुढचं साल धरलं नाही एवढंच. अर्ध्या वर्षात निघून गेला तर ती वेगळी गोष्ट, त्याला साल मोडलं म्हणतात आणि त्याची गावात छी थू होते.

बाकडेवाला
आखाजी भाऊ, कडक. 'लांब्याचं साल सुटलं.' वाहवा.

बांधावरून
भाऊ शब्द गोड आहे पण थोडं थांबा. माझे आजोबा सालगडी होते, परभणीकडे. पारावर बसून मालक निवडायचे हे चित्र एखाद्या नावाजलेल्या गड्याचं असेल. बाकीच्यांच्या डोक्यावर उचल असायची. पोरीच्या लग्नाला मालकाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत पाडवा आला काय आणि गेला काय, साल त्याच दारात. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आजही तेच, मुकादमाची उचल अंगावर घेतली की पाय बांधले. तेव्हा कोट्यधीश बास्केटबॉलवाल्याला आमच्या आजोबांचा शब्द लावताना जरा हात आखडा.

पेठकर
@बांधावरून तुमचं म्हणणं मान्य, पण गंमत बघा, तुमच्या मुद्द्यानं शब्द उलट जास्तच बसतो. एनबीएतसुद्धा पूर्वी असंच होतं. करार संपला तरी क्लबचा हक्क संपायचा नाही, तोच क्लब किंवा घरी बसा. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचा अध्यक्ष होता, त्याच्या नावानं १९७० ला लीगवर केस झाली, तडजोड १९७६ ला. आणि पूर्ण मोकळा, जुन्या टीमला अडवायचा काही हक्क नाही असा पहिला खेळाडू १९८८ ला, टॉम चेंबर्स, सिअॅटलहून फीनिक्सला गेला. म्हणजे केस टाकल्यापासून १८ वर्षं. पैशाची उचल नव्हती एवढाच फरक, बाकी दार तेच.

बांधावरून
हे माहीत नव्हतं. मग साल सुटणं त्यांनी कोर्टात भांडून मिळवलेलं आहे. वापरा, माझी हरकत मागे.

शुद्धलेखन_नको
बाकी ते राहू द्या, लांब्या गेला कुठे??

बाकडेवाला
सांगतो. या गेममध्ये प्रत्येक खेळाडूचा मूड असतो. काहींच्या नावापुढे अक्षर असतं, कोणाला प्रसिद्धी हवी, कोण निष्ठावान, कोणाला पैसा, कोणाला जिंकणं. लांब्या जिंकणंवाला. मी दोन वर्षं प्लेऑफ चुकवलेली, त्यात फॅसिलिटीचं बजेट मीच कापलं होतं, पैसे वाचवून नवीन पोरगा घेऊ म्हणून. मूडच्या खिडकीत सगळं ओळीनं लिहून येतं, फॅसिलिटी लाल, टीमची कामगिरी लाल, आणि खाली बेरीज शून्याच्या खाली. म्हणजे साहेब बोलणीच करणार नाहीत, मी किती का पैसे देईना. मग ३० दिवसांचा बाजार सुरू झाला, आणि आमच्यातल्याच एकानं, नाव घेत नाही, वर्षभर कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, जागा राखून ठेवली होती, त्यानं पहिल्याच दिवशी उचलला.

आता हे वाक्य मराठीत कसं लिहू? 'लांब्यानं निर्णय घेतला' लिहिलं तर ग्रुपवर सगळे हसतात, म्हणतात निर्णय कसला, ती बेरीज आहे.

मालवणी_खाजा
निर्णय नको, कौल लिही. आमच्याकडे देवाक कौल लावतत ना, मूर्तीक पाकळ्यो चिकटवतत, गाऱ्हाणा घालतत, उजवी पडली तर देव हो म्हणता, डावी पडली तर गप घराक जावचा. देव कित्याक नाय म्हणालो ता विचारूचा नसता. तुझ्या कंप्युटरचा तसाच. 'लांब्यानं शेजारच्या टीमला कौल दिला.' मतदारपण कौलच देतात, तेव्हा शहरातल्या लोकांना पण कळेल.

फक्त तुका कारण दिसता लाल अक्षरात, आमका ता पण दिसणा नाय. 😄

पेठकर
कौल अप्रतिम. खऱ्या माणसाला मात्र मी नाही लावणार, तिथे 'निर्णय घेतला' हवं, आणि तो जाहीर होईपर्यंत 'ताकास तूर लागू दिली नाही' हवं. लेब्रॉन जेम्सनं २०१० च्या ८ जुलैला टीव्हीवर खास कार्यक्रम ठेवून मायामीला जातोय म्हणून सांगितलं, तोवर सगळे ताकच घुसळत बसले होते. त्याच्या जुन्या टीमच्या गावात, क्लीव्हलंडमध्ये, मग त्याच्या जर्सी जाळल्या लोकांनी. आखाजींच्या हिशोबानं त्याचं साल सुटलेलं होतं, सात वर्षं राबला होता, पण लोकांच्या तोंडी एकच, सोडून गेला. पोरगी सासरी जाते तेव्हा कोणी म्हणतं का सोडून गेली?

वानखेडे_गेट_३
ड्युरंटला तर मी फितूरच म्हणणार. २०१६, त्याची टीम ओक्लाहोमा मालिकेत ३-१ नं पुढे होती, गोल्डन स्टेटकडून हरली, आणि हा जुलैत पाठ फिरवून त्यांच्यातच. सूर्याजी पिसाळच.

आखाजी
राग समजू शकतो, पण शब्द चुकला. फितूर व्हायला आधी चाकरीत असावं लागतं. पगार इकडचा आणि दरवाजा उघडायचा तिकडच्यांसाठी, ती फितुरी. साल सुटल्यावर शत्रूकडे गेला तर फार तर बेरकी म्हणा, निगरगट्ट म्हणा.

वानखेडे_गेट_३
निगरगट्ट घेतो.

शुद्धलेखन_नको
आणि तोंडी हो म्हणून फिरला तर? डीआंद्रे जॉर्डन २०१५. डॅलसला शब्द दिलेला, जुलैच्या सुरुवातीचे काही दिवस सही करता येत नाही तेवढ्यात मन फिरलं, त्याच्या जुन्या टीमची, क्लिपर्सची, अख्खी पलटण ह्यूस्टनला त्याच्या घरी जाऊन बसली, आणि सही क्लिपर्सकडे.

आखाजी
ती बोली मोडली. बोली म्हणजे लिलावातली नव्हे हां, लग्नाच्या बैठकीतली. बोली झाली, सुपारी फुटली, आणि मग नवरदेव फिरला. बोली करणं आणि बोली लावणं यात जमीन अस्मानाचं अंतर आहे, एकात दोघं बोलतात, दुसऱ्यात पैसेवाला एकटाच.

बाकडेवाला
झालं मग, फायनल हेडिंग: 'लांब्याचं साल सुटलं, कौल शेजाऱ्यांना'. इंग्रजी शब्द शून्य, वडापाव वाचले. यावेळी मुद्दाम फॅमिली ग्रुपवर पण टाकलं, आत्याचा जीव भांड्यात पडावा म्हणून. तिचा मेसेज आलाय:

'अरे साल सुटलं नाही, साल सुटली असं लिहावं. मोसंबीची का? आणि कौलं शेजाऱ्यांना का दिलीस, पावसाळा तोंडावर आलाय.'