सोव्हिएत संघ नेमका कशाने हरला?

अर्धविराम
शीतयुद्धावर वाचतोय. सगळीकडे एकच कथा. 1946 मध्ये चर्चिलने फुल्टनला 'पोलादी पडद्या'चं भाषण ठोकलं, 1947 मध्ये ट्रुमनने ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी 40 कोटी डॉलर मागितले, मग बर्लिन, क्युबा, व्हिएतनाम, आणि शेवटी रेगनने शस्त्रस्पर्धेत रशियाला दमवलं. 25 डिसेंबर 1991 ला गोर्बाचेव्हचा राजीनामा, खेळ खलास. पण ज्या विचारापायी माणसं तुरुंगात गेली, फासावर चढली, तो केवळ क्षेपणास्त्रांच्या खर्चाने मेला हे काही पटत नाही. लढायांची यादी नको. विचार का विटला, ते सांगा.

तिरकस
विचारबिचार काही नसतं हो. 1969 मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीतल्या एका बेटावरून चिनी आणि रशियन सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, आणि मार्क्स दोघांचाही! तीन वर्षांत निक्सन माओच्या भेटीला हजर. सत्ता हवी होती सगळ्यांना, बाकी रंगरंगोटी.

जुना खलाशी
तिरकसराव, रंगरंगोटीसाठी एवढी माणसं मरत नाहीत.

अर्धविराम, माझ्या मते गाडी अडली ती तारखेवर. भांडवलशाहीवाल्यांनी सुखाची तारीख कधी कुणाला दिली नव्हती. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने दिली. ऑक्टोबर 1961 मध्ये पक्षाच्या 22 व्या अधिवेशनात नवा कार्यक्रम मंजूर झाला: 1970 पर्यंत दरडोई उत्पादनात अमेरिकेच्या पुढे, 1980 पर्यंत साम्यवादाचा भौतिक पाया तयार, आणि आत्ताची पिढीच साम्यवादात नांदणार. तेव्हा याला कुणी हसलं नाही. स्पुत्निक 1957 मध्येच वर गेला होता आणि गागारिन 1961 च्याच एप्रिलमध्ये पृथ्वीला फेरी मारून आला होता.

आठ महिन्यांनी, जून 1962 मध्ये, सरकारने मांस 30 टक्के आणि लोणी 25 टक्के महाग केलं. नोव्होचेर्कास्कच्या रेल्वे इंजिन कारखान्यातले कामगार लाल झेंडे आणि लेनिनच्या तसबिरी घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्यावर गोळीबार झाला, 20 हून जास्त माणसं मेली आणि बातमी कित्येक वर्षं दाबून ठेवली गेली. कामगारांच्या राज्यात लेनिनची तसबीर धरलेल्या कामगाराला गोळी! माझ्या लेखी ही घटना क्युबाच्या क्षेपणास्त्रांपेक्षा मोठी आहे. पुढच्याच वर्षी पीक बुडालं आणि कॅनडाकडून गहू घ्यावा लागला. 1972 मध्ये तर अमेरिकेकडून इतका उचलला की तिथलेच भाव भडकले. 1975 च्या करारात वर्षाला किमान 60 लाख टन अमेरिकी धान्य घ्यायचं कबूल केलं. ज्याला मागे टाकायचं, त्याच्याच कोठारावर भिस्त.

यातली थोडी वाहतूक मीही केली. मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर होतो. अफगाणिस्तानात फौजा घुसल्या म्हणून कार्टरने 1980 मध्ये धान्यविक्रीवर निर्बंध घातले होते, ते एप्रिल 1981 मध्ये रेगनने उठवले. (हो, तुमच्या कथेतल्या त्याच रेगनने. शेतकऱ्यांची मतं त्यालाही हवी होती.) त्यानंतर आम्ही मिसिसिपीवर मका भरून ओडेसा या सोव्हिएत बंदरात नेला. गोदीच्या इमारतीवर पक्षाचा जयजयकार करणारी लाल पाटी, आणि खाली क्रेनचा ग्रॅब आमच्या होल्डमधून अमेरिकी मका उपसतोय. तिथला टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारा, मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "1980 ला साम्यवाद यायचा होता, त्याच्याऐवजी ऑलिम्पिक आलं." मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर काय! तो निवांत आकडे लिहीत होता. नंतर कळलं की हा विनोद तिकडे जो तो सांगायचा.

ख्रुश्चेव्हनंतर सत्तेवर आलेल्या ब्रेझनेव्हच्या लोकांनी तोवर 'विकसित समाजवाद' असं नवं नाव काढलं होतं, म्हणजे मुक्काम लांबला तरी चालेल. 1986 मध्ये कार्यक्रम सुधारून लिहिला, त्यात तारखा नाहीत. त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. धान्य घ्यायचे डॉलर तेल विकूनच यायचे.

मैत्रेयी
काका, सगळं पोटावर नेऊ नका. 1975 मध्ये हेलसिंकीत 35 देशांनी सह्या केल्या. ब्रेझनेव्हला हव्या होत्या फक्त युद्धानंतरच्या सीमांवर मान्यतेच्या सह्या, पण त्याच कागदात मानवी हक्कांची कलमं होती आणि सोव्हिएत वर्तमानपत्रांनी तो मजकूर छापलाही. मग मॉस्कोत, प्रागमध्ये लोक तेच कलम पुढे करून जाब विचारू लागले. पोलंडमध्ये 1980 ला संपकऱ्यांची पहिली मागणी होती स्वतंत्र कामगार संघटना, जास्तीचं मांस नव्हे.

जुना खलाशी
मागणी संघटनेची, कबूल. पण त्या उन्हाळ्यातले संप सुरू झाले ते जुलैमधल्या मांसाच्या दरवाढीवरून. गदान्स्कच्या गोदीतली ठिणगी मात्र वेगळी. आना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंना निवृत्तीला काही महिने उरले असताना कामावरून काढलं, म्हणून गोदी पेटली. त्या गोदीचं नावही लेनिन! तेव्हा पोट आणि मान दोन्ही धरा.

तिरकस
आणि रेगनचं 'स्टार वॉर्स', ती अवकाशातून क्षेपणास्त्रं अडवायची योजना? ते फुकट गेलं म्हणता?

जुना खलाशी
फुकट नाही. लष्करी खर्चाचं ओझं होतंच, 1983 च्या त्या घोषणेने मॉस्कोची झोपही उडाली. पण ओझ्याखालची राजवट मागे हटेलच असं नाही, ती रणगाडेही पाठवू शकते. 1956 ला बुडापेस्टमध्ये पाठवले, 1968 ला प्रागमध्ये पाठवले. 1989 मध्ये पूर्व जर्मनीत लाखो सोव्हिएत सैनिक हजर असूनही छावणीतच राहिले. 1988 च्या डिसेंबरमध्ये गोर्बाचेव्हने संयुक्त राष्ट्रांत 5 लाख सैनिक कमी करतो म्हणून सांगितलं, ते भाषण आधी वाचा, मग बोलू.