रेडला धाड म्हणायचं की छापा? आणि 'कामाच्या ओघात'चं काय करायचं?

पाणकणीस
एका कामगार पाक्षिकासाठी लेख मराठीत आणते आहे. विषय असा: कॅलिफोर्नियात इमिग्रेशनवाल्यांनी शेतावर रेड केली आणि त्यात मजूर जखमी झाला, तर कायद्याने त्याला काय मागता येतं. निमित्त 10 जुलै 2025चं. व्हेंटुरा काउंटीत कॅमारिलोजवळच्या हरितगृहांमधून तीनशेहून जास्त माणसं धरून नेली. एक मजूर छतावरून सुमारे 30 फूट खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला.

मी सगळीकडे 'धाड' लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'छापा' केलं. त्यांचं म्हणणं, धाड दरोडेखोरांची असते, सरकारचा असतो तो छापा. मला हे पटत नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. भरपाईच्या कायद्यात 'अरायझिंग आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ एम्प्लॉयमेंट' असं येतं. मी 'कामामुळे आणि कामाच्या ओघात' केलं. त्यांनी ते खोडून 'कामावर असताना' एवढंच ठेवलं. यात काहीतरी निसटतंय एवढं कळतं, पण काय ते मांडता येत नाहीये.

मोडीवाचक
संपादकांचा भेद टिकत नाही. 1663 मध्ये महाराजांनी लाल महालात शायिस्ताखानावर घातला तो छापा. तेव्हा सरकार तर खानाचं होतं! छाप्यात मुख्य गोष्ट अचानकपणा, बहुधा रात्रीची वेळ आणि मोजकी माणसं. धाडीत मुख्य गोष्ट संख्या. टोळधाड म्हणतो, टोळछापा म्हणत नाही. धाडीचं मूळ संस्कृत 'धाटी'त आहे, अर्थ चाल करून जाणं.

बालाघाट
पुस्तकातलं मला माहीत नाही, बोलण्यातलं सांगते. आमच्याकडे धाड 'पडते' आणि 'भरते'. चांगला धडधाकट पोरगा कामाला नाही म्हणाला की आजी म्हणायची, "काय धाड भरलीय त्याला?" छापा कोणीतरी टाकतो, त्यात टाकणारा दिसतो. धाड पडली म्हटलं की ज्याच्यावर पडली तो दिसतो. ताई, तुमचा लेख मजुराच्या बाजूने आहे ना? मग धाडच ठेवा.

सोनचाफा६७
धाड हा शब्द 'धाडणे'वरून आला असणार. वरून धाडलेली माणसं म्हणजे धाड. सरकारी कारवाईला यापेक्षा चपखल काय? 'धाडस'ही त्यातलंच.

मोडीवाचक
नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. धाडणे म्हणजे पाठवणे, आणि आपण पत्रही धाडतो, राखीही धाडतो. त्यात हल्ला कुठे आहे?

सोनचाफा६७
माझे वडील पोलिसात होते. ते नेहमी "धाड धाडली" असंच म्हणत. बोलणाऱ्याच्या तोंडात दोन शब्द एकत्र नांदत असतील तर नातं आहेच.

रापण_ओढ
मालवणातून. तिथले मजूर स्वतः काय म्हणतात ते आधी बघा. बहुतेक मेक्सिकोचे, त्यांची भाषा स्पॅनिश. स्पॅनिशमध्ये रेडला 'रेदादा' म्हणतात. 'रेद' म्हणजे जाळं, रेदादा म्हणजे एका फेकीत जाळ्यात आलेलं सगळं. हे वाचलं तेव्हा मला आमची रापणच डोळ्यांसमोर आली. दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढत आणले की बांगडा, तारली, कुर्ली, बारकी पिल्लं सगळं एकत्र वाळूवर. कॅमारिलोत तेच झालं. तिथला एक सुरक्षारक्षक अमेरिकन नागरिक होता, त्यांच्याच लष्करात नोकरी केलेला. त्यालाही तीन दिवस कोंडून ठेवला. छापा एखाद्या ठरावीक माणसावर असतो, जाळं सगळ्यांवर. 'धरपकड' का नको?

पाणकणीस
रेदादा माहीत नव्हतं, लेखात घालणार. धरपकड चांगला आहे, पण पकडलेल्यांपुरताच. छतावरून पडलेला माणूस पकडला गेलाच नव्हता. सरकारी खात्याने हेच म्हटलं, तो आमच्या ताब्यात नव्हता आणि त्याच्या मागे कोणी लागलंही नव्हतं. मग 'धरपकडीत मृत्यू' लिहिलं तर लगेच खोडून काढतील.

वकिली_टिपण
कामगार न्यायालयात तीस वर्षं काढली, म्हणून दुसऱ्या अडचणीवर लिहितो. पाणकणीस, तुमचंच बरोबर आहे. 'कामावर असताना' लिहिलं तर अर्धा कायदा गेला. त्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही लागतात. 'इन द कोर्स ऑफ' म्हणजे वेळ आणि जागा: पाळी चालू होती का, मालकाच्या आवारात होता का. 'आउट ऑफ' म्हणजे कारण: ती इजा कामाच्या धोक्यातून आली का. आपल्या 1923च्या भरपाई कायद्याच्या (तो 2025 पर्यंत लागू होता) कलम 3 मध्येही हेच शब्द होते, कॅलिफोर्नियाच्या कलम 3600 मध्येही आहेत.

आता छतावरून पडलेला माणूस घ्या. वेळ कामाची, जागा मालकाची. भांडण उरतं कारणावर. विमा कंपनी म्हणेल, तो काम सोडून लपायला चढला, याचा कामाशी काय संबंध? मजुराचा वकील म्हणेल, धाड त्याच्या घरी आली नव्हती, कामाच्या ठिकाणी आली होती. तिथे कामाला नसता तर त्याला छतावर चढावंच लागलं नसतं. हा सगळा वाद 'मुळे' या एका प्रत्ययात आहे आणि संपादकांनी नेमका तोच खोडला.

आणखी एक. कॅलिफोर्नियाच्या कलम 3351 मध्ये कामगाराची व्याख्या करताना 'कायदेशीर वा बेकायदेशीर रीतीने कामावर ठेवलेला' असे शब्द आहेत. परदेशी माणसाचा तिथे वेगळा उल्लेखही आहे. बेकायदेशीर हा शब्द तिथे कामावर ठेवण्याला लागलाय, माणसाला नाही. आपण सरसकट 'बेकायदेशीर मजूर' लिहितो, तिथेच त्याचा हक्क गेला असं वाचकाला वाटतं. हक्क गेलेला नसतो. ही भरपाई चूक कोणाची हे न बघता मिळते, आणि कागद नसलेल्यालाही मिळते.

शुद्ध_मराठी
टिपण उत्तम. एक विनंती. लेखात 'टॉर्ट' (म्हणजे भरपाई मागता येते अशी दुसऱ्याला केलेली इजा) असेल तर 'अपकृत्य' करा. भाषा संचालनालयाने शब्द घडवलेत ते वापरायचे नाहीत तर कशाला? रेड, इमिग्रेशन, टॉर्ट... उरलं काय मराठीत?

फ्रेस्नोकर
मी इथे द्राक्षांच्या पट्ट्यात राहतो. बेदाणे करायला ओळींमधल्या मातीवर कागद अंथरून त्यावर घड सुकत घालतात. ऑगस्टअखेर ऊन असं असतं की सातलाच डोळे उघडवत नाहीत. ओळीच्या टोकाला अनोळखी गाडी वळली की वाकलेल्या पाठी एकाच वेळी सरळ होतात. तेव्हा कोणी 'रेदादा'ही म्हणत नाही. "ला मिग्रा!" म्हणजे इमिग्रेशनवाले आले, एवढंच. जखमी मजुराच्या बायकोला 'अपकृत्य' सांगून काय कळणार? 'सरकारच्या माणसाने केलेली इजा' लिहा.

शुद्ध_मराठी
जखमी मजुराची बायको हा लेख वाचणार नाहीये. मराठी वाचक वाचणार आहेत.

बालाघाट
मराठी वाचकांतही जखमी मजुराच्या बायका असतात.

वकिली_टिपण
अपकृत्य मी अर्जात लिहितो, पक्षकाराशी बोलताना नाही. पण शब्दापेक्षा मुदत ठळक छापा. केंद्र सरकारच्या माणसाने इजा केली असेल तर 1946च्या फेडरल टॉर्ट क्लेम्स अ‍ॅक्टखाली आधी त्या खात्याकडेच लेखी मागणी करावी लागते, दोन वर्षांच्या आत, नेमक्या रकमेसह. खात्याला सहा महिने मिळतात, मग कोर्ट, तेही ज्यूरीशिवाय. पोलिसी काम करणाऱ्यांनी केलेली मारहाण आणि खोटी अटक 1974च्या दुरुस्तीने त्यात आली. त्या अधिकाऱ्यावरच व्यक्तिशः दावा लावण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये फारच अरुंद केली. म्हणून इथे 'दावा' लिहू नका, पहिली पायरी 'मागणी'ची आहे.

फ्रेस्नोकर
इमिग्रेशन कायद्यातलं 1986चं कलमही घाला. शेतावर किंवा उघड्यावरच्या शेतीकामात शिरून कोणाला देशात राहण्याच्या हक्काबद्दल विचारायचं तर मालकाची संमती किंवा वॉरंट लागतं. कायद्यात खास 'फार्म' शब्द आहे. कॅमारिलोत त्यांच्याकडे झडतीचं वॉरंट होतं, पण सगळीकडे नसतं.

पाणकणीस
घालते. फार्मला काय लिहू? 'शेत'?

बालाघाट
वावर.

मोडीवाचक
वावर सगळीकडे कळणार नाही. शेत सगळ्यांना कळतं.

रापण_ओढ
आमच्याकडे वावर नाही. भाताचं ते शेत, माडांची ती बाग.

सोनचाफा६७
कोल्हापुरात 'रानात गेलाय' म्हणतात. रान म्हणजे जंगल नव्हे, शेतच.

मोडीवाचक
कायद्याच्या लेखात 'रानात शिरायला वॉरंट लागतं' वाचून लोक वनखात्याकडे जातील हो. काचेच्या घराला तरी रान म्हणणार का?

बालाघाट
वावर-रान चालू द्या, मी परत 'मुळे'वर येते. टिपण वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

माझे वडील ऊसतोडीला जायचे. एका हंगामात पहाटे तीनला मोळ्या भरलेल्या गाडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. कारखान्याच्या माणसाने आईला सांगितलं, तोड आदल्या संध्याकाळीच संपली होती, गाडीवर ते 'आपले आपण' झोपले होते. मुकादमाने मान डोलावली. मी आठ वर्षांची होते. आई एवढंच म्हणत होती, "ऊस कुणाचा होता गाडीत?" त्यावर कोणी काही बोललं नाही. पैसे मिळाले नाहीत, उलट उचल फिटायची राहिली म्हणून पुढच्या साली आई एकटीच कोयत्यावर गेली.

तेव्हा कोणी 'कामावर होते का' एवढंच विचारलं. 'कामामुळे का' असं विचारलंच नाही. ताई, तो प्रत्यय परत घाला.

वकिली_टिपण
तुमच्या आईने नेमका कलम 3चाच प्रश्न विचारला होता.

पाणकणीस
संपादकांना 'कामामुळे आणि कामाच्या ओघात' परत पाठवलं, दोन्ही अटी फोडून सांगितल्या. त्यांनी ठेवलं. 'बेकायदेशीर मजूर' चार ठिकाणी होतं, तिथे 'कागद नसलेला' केलं. धाड अजून अडकलीय. आता ते म्हणतात मथळ्यात छापा, मजकुरात धाड.

सोनचाफा६७
मथळ्यात 'धाड धाडली' का नाही देत?

मोडीवाचक
पुन्हा तेच. 'धाटी'चा एक तरी जुना दाखला शोधून उद्या इथे टाकतो, मग बोलू.

रापण_ओढ
आणि काचेच्या घराचं काय ठरलं?