इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या स्वयंअभ्यासासाठी कोणते साहित्य निवडावे?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. व्यावसायिक वैमानिक परवान्याचे माझे लेखी पेपर सुटले आहेत, एकशे तीसच्या आसपास तास उड्डाण झाले आहे आणि पावसामुळे उड्डाणे जवळपास थांबल्याने सध्या मी नाशिकला घरी आले आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे, म्हणजे बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडण्याच्या परवानगीचे, प्रशिक्षण दिवाळीनंतर सुरू होईल. तोपर्यंतच्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याचा अभ्यास घरीच करावा असे ठरवले, पण साहित्य इतके जमले आहे की त्यातच मी अडकले आहे.

अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेचे इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग हँडबुक मी कॉलेज रोडवर छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतले आहे. एका सीनियरने युरोपीय अभ्यासक्रमाचे चार जाडजूड खंड दिले आहेत, मोबाइलवर एक प्रश्नसंच आहे आणि पूर्वी लावलेल्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स आहेत. त्या नोट्समध्ये होल्डिंगची (पुढची परवानगी मिळेपर्यंत ठरल्या बिंदूजवळ घिरट्या घालण्याची) कमाल गती एका पानावर २०० नॉट, तर दुसऱ्या पानावर २३० नॉट दिली आहे. क्लासमध्ये विचारले तेव्हा ‘परीक्षेत दुसरे लिहा’ एवढेच उत्तर मिळाले. तेव्हापासून हाती येणाऱ्या प्रत्येक पानाविषयी मनात शंका राहते. यांतले मुख्य पुस्तक कोणते धरावे, बाकीचे कितपत वाचावे आणि घरच्या संगणकावरील सिम्युलेटरचा काही उपयोग होतो का, याबद्दल अनुभवींनी कृपया सांगावे.

जुना प्रशिक्षक:

ताई, तुमच्या नोट्समधले दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र ते दोन वेगवेगळ्या नियमपद्धतींतले आहेत. अमेरिकेत ६,००० फुटांपर्यंत होल्डिंगची मर्यादा २०० नॉट आणि त्यावर १४,००० फुटांपर्यंत २३० नॉट असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या पॅन्स-ऑप्स या उड्डाणपद्धतींच्या नियमावलीत १४,००० फुटांपर्यंत सरसकट २३० आणि केवळ अ व ब वर्गाच्या, म्हणजे कमी वेगाने उतरणाऱ्या विमानांसाठी आखलेल्या होल्डिंगला १७० नॉट अशी मर्यादा आहे. आपण आयकाओच्या पद्धतीने चालतो. नोट्स तयार करणाऱ्याने दोन पुस्तकांतून उतरवून घेतले आणि कोणते कुठले हे लिहायचे राहिले, एवढाच तो घोटाळा आहे. साहित्य निवडताना हीच गोष्ट सगळ्यांत जास्त नडते, म्हणून ‘पुस्तक चांगले की वाईट’ हे नंतर पाहा; आधी ते कुठल्या नियमांवर उभे आहे ते पाहा.

मुख्य पुस्तक म्हणून तुम्ही छापून घेतलेले हँडबुकच ठेवा, पण ते अर्धेच वाचा. उपकरणे कशी चालतात, कोणते बिघडले की कसे फसवते, शरीराला होणारे भास आणि केवळ उपकरणांवर विमान सांभाळणे, ही प्रकरणे इतक्या सोप्या भाषेत दुसरीकडे क्वचित सापडतील. उपकरणांवरून नजर फिरवताना होणाऱ्या तीन चुका त्यात दिल्या आहेत. एकाच उपकरणावर डोळे खिळून राहणे, एखादे पाहायचेच विसरणे आणि ओळखीच्या एखाद्यावर नको तितकी भिस्त ठेवणे, अशा त्या आहेत. हुड (बाहेरचे दिसू न देणारी झापड) घातल्यावर पहिल्या दहा तासांत तुम्ही तिन्ही करणार आहात, तेव्हा ती पाने अगदी सावकाश वाचा. हवाई क्षेत्र, नियम आणि अमेरिकी चार्ट यांची प्रकरणे मात्र सोडून द्या.

त्यांच्या जागी भारताचे एआयपी, म्हणजे विमानतळ, मार्ग आणि नियमांची अधिकृत माहिती-पुस्तिका, हाती घ्यावे. ते विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते; कोणी त्याची प्रत विकत असेल तर घेऊ नये, कारण त्यातले बदल २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात आणि विकतची प्रत बहुधा शिळी असते. मुंबई, पुणे आणि औरंगाबाद या तीन ठिकाणचे ॲप्रोच चार्ट (उतरण्यासाठी विमानतळाकडे कसे यायचे त्याचे नकाशे) उतरवून घ्या आणि प्रत्येक चार्ट वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत मोठ्याने वाचा. त्यातून काही फरक आपोआप दिसू लागतील. अमेरिकेत ट्रान्झिशन उंची (जिच्यावर उंचीमापक प्रमाण दाबावर लावतात) सर्वत्र १८,००० फूट असते, आपल्याकडे ती चार्टवर पाहावी लागते. अमेरिकी चार्टवर निर्णय-उंची (जिथे धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचे) थेट छापलेली असते. एआयपीच्या चार्टवर ओसीए, म्हणजे अडथळ्यांपासून सुरक्षित राहण्याची किमान उंची असते आणि तुमची मिनिमा, म्हणजे खाली येण्याची मर्यादा, त्याच्या खाली येऊ शकत नाही. सर्कलिंगसाठी, म्हणजे धावपट्टी डोळ्यांनी पाहत विमानतळाला वळसा घालून उतरण्यासाठी, राखलेले क्षेत्रही वेगळे असते. अ वर्गाच्या विमानाला अमेरिकी पद्धतीत, कमी उंचीवरच्या विमानतळावर, १.३ नॉटिकल मैलांची त्रिज्या मिळते, तर पॅन्स-ऑप्समध्ये १,००० फूट उंचीच्या विमानतळाला १.६८ मैल. हे फरक एका वहीत स्वतःच्या अक्षरात लिहा. ती वही तुमच्या चारही खंडांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. खंड फक्त एखादा मुद्दा अडला तरच उघडावेत.

ढगातला पाहुणा:

मला हे रेटिंग मिळून दोन वर्षे झाली. सरांशी बहुतांशी सहमत आहे, फक्त प्रश्नसंचाबद्दल थोडे सांगतो, कारण त्याचा त्यांनी उल्लेखच केलेला नाही. मी प्रश्नसंच आधी आणि पुस्तक नंतर, असा उलटा अभ्यास केला आणि चाचणीच्या वेळी परीक्षकांनी ‘का?’ असे विचारताच गप्प झालो. पर्याय समोर नसले की उत्तर सुचत नाही, हे त्या दिवशी कळले. तरी तो टाकून देऊ नका. प्रकरण वाचून झाल्यावर पर्याय झाकून प्रश्न सोडवा आणि जिथे चुकाल तिथल्या परिच्छेदाकडे परत जा.

सिम्युलेटरचे म्हणाल तर नियमानुसार लागणाऱ्या ४० तासांच्या इन्स्ट्रुमेंट वेळेपैकी २० तासांपर्यंतच सिम्युलेटरवर चालतात आणि तेही मान्यताप्राप्त यंत्रावर. घरच्या संगणकावरचे तास कुठेही धरले जात नाहीत. हाताची सवयही त्यावर नीट लागत नाही. होल्डिंगमध्ये शिरण्याच्या पद्धतींसाठी मात्र त्याचा फार उपयोग होतो. त्याआधी मी हे गच्चीवर खडूने आखून, चालून पाहत असे. शेजारच्या आजींना वाटे की मुलगा कसली तरी प्रदक्षिणा घालतो आहे.

उदाहरणार्थ, आत येण्याचा मार्ग २७० आणि वळणे उजवीकडे, म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग ०९०. तुम्ही ०६० दिशेने फिक्सवर, म्हणजे होल्डिंगच्या ठरलेल्या बिंदूवर, आलात तर ०९० तुमच्या उजवीकडे ३० अंशांवर आहे. उजवीकडच्या ७० अंशांत असल्याने प्रवेश टीअरड्रॉप (बाहेरच्या मार्गाला ३० अंश तिरके जाऊन परतणे) होतो, आणि इथे तर दिशाही बदलावी लागत नाही. १२० ने आलात तर तोच मार्ग डावीकडे ३० अंशांवर पडतो. डावीकडच्या ११० अंशांत असल्याने पॅरलल (मार्गाला समांतर बाहेर जाऊन परतणे). उरलेल्या १८० अंशांत थेट प्रवेश. हे चार दिवस पायांनी केले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

सातमाळा:

मी वैमानिक नाही, विमानांच्या उड्डाण-नियोजनाचे काम करतो, त्यामुळे हवामानापुरतेच लिहितो. अमेरिकी पुस्तकातले मेटार (विमानतळाच्या सद्य हवामानाचे सांकेतिक अहवाल) वाचून हात बसवू नका. त्यात दृश्यमानता मैलांत आणि दाब पाऱ्याच्या इंचांत येतो, आपल्याकडे मीटर आणि हेक्टोपास्कल. हे पावसाळी महिने तुम्हाला आयतेच मिळाले आहेत. रोज सकाळी चहा घेताना मुंबईचा मेटार आणि टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज) वहीत उतरवा, त्या वेळी ॲप्रोच करता आला असता का हे ठरवा आणि संध्याकाळी प्रत्यक्षात काय झाले ते पडताळून पाहा.

आणखी एक अभ्यास सुचवतो, तोही आपल्याच जिल्ह्यातला. ओझरच्या विमानतळापासून सरळ रेषेत साधारण तीस किलोमीटरवर धोडप किल्ला आहे, उंची १,४७२ मीटर. त्यावरून त्या बाजूची किमान सेक्टर उंची (विमानतळाभोवतीच्या वर्तुळाच्या त्या भागात डोंगरांपासून सुरक्षित राहण्याची उंची) स्वतः काढून पाहा. पुस्तकात दहा वेळा वाचूनही जे डोक्यात शिरत नाही, ते आपण चढलेल्या डोंगरावरून चटकन समजते.

गोदाकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. खंड कपाटात ठेवले, क्लासच्या नोट्स रद्दीत टाकल्या आणि फरकांच्या वहीची पहिली तीन पाने आजच भरली.

धोडपचे गणित असे केले: १,४७२ मीटर म्हणजे सुमारे ४,८३० फूट, त्यावर १,००० फुटांचे अंतर, पुढच्या शतकात पूर्ण करून ५,९०० फूट. धावपट्टीच्या मध्यापासून २५ नॉटिकल मैलांचे वर्तुळ काढले होते. कळसूबाई त्या वर्तुळाबाहेर, नकाशावर ३३ मैलांच्या आसपास येते, म्हणून ती सोडून दिली. बरोबर आहे का?

जुना प्रशिक्षक:

रीत बरोबर आहे, मात्र तीन गोष्टी दुरुस्त करा. वर्तुळाचे केंद्र दरवेळी धावपट्टीचा मध्य नसतो. ॲप्रोच ज्या रेडिओ साधनावर बेतला आहे ते केंद्र असते, आणि कोणते ते चार्टवर वर्तुळाजवळच लिहिलेले असते. दुसरे, सेक्टरच्या कडेबाहेरचे ५ मैलही धरावे लागतात, म्हणजे तुमचा शोध ३० मैलांपर्यंत जातो. कळसूबाई तरीही बाहेरच राहते, पण आता ती मोजून बाहेर ठेवली असे म्हणता येईल. तिसरे, डोंगराळ भागात १,००० फुटांचे अंतर वाढवून २,००० फुटांपर्यंत नेता येते, त्यामुळे तुमचे ५,९०० हे किमान समजा आणि छापील आकडा त्यापेक्षा मोठा दिसला तर गणित चुकले असे मानू नका.