मदत हवी आहे: घरी ॲल्युमिनियम ओततोय, पुली वरून छान पण आतून भोकं

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागात राहतो. घरचा एक यंत्रमाग अजून चालू आहे आणि आई रोज कांड्या भरते, म्हणजे विणायचं सूत नळ्यांवर गुंडाळते. तिच्या कांडी मशीनची पुली दिवाळीनंतर तडकली. मशीन जुनं, तसली पुली आता दुकानात मिळत नाही. एमआयडीसीत दोन ठिकाणी विचारलं, पण एक नग ओतून द्यायला कोणी तयार होईना. त्यांचंही बरोबर आहे, एका पुलीसाठी भट्टी कोण पेटवणार? मग म्हटलं आपणच शिकू. तीन महिने झाले, या कामाचं वेडच लागलंय म्हणा.

भट्टी अशी केली: वीस लिटरचा रंगाचा पत्र्याचा डबा, आतून भट्टीच्या विटा आणि फायर क्लेचा थर, बुडाजवळ दीड इंची लोखंडी पाईप आणि त्याला ब्लोअर. इंधन लोणारी कोळसा. मूस (धातू वितळवायचं भांडं) आधी लोखंडी पाईपला बूड वेल्ड करून केली होती, आता ग्राफाईटची छोटी आणलीय. वाळू बांधकामाचीच, आईच्या पिठाच्या चाळणीने चाळलेली (नवीन चाळणी आणून दिली). त्यात बेंटोनाईट (वाळू धरून ठेवणारी चिकट माती), इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठी मिळतं ते. पाणी अंदाजाने. साच्यासाठी वाळूत जुन्याच पुलीचा ठसा घेतला, तिची खाच एम-सीलने भरून घेतली म्हणजे ती वाळूतून सरळ वर निघते. खाच नंतर खरादीवर पाडायची.

पहिले दोन नग अर्धवट भरले. तिसरा इतका सुंदर निघाला की आईला मुद्दाम बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी खरादीवाल्याने बोअर (शाफ्टसाठीचं भोक) मारायला घेतलं. वरची साल निघाली तशी आत टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसायला लागली, आणि मधल्या जाड भागात, जिथून शाफ्ट जातो तिथे, हरभरा मावेल एवढा खळगा. त्याने मशीन बंद केलं आणि नग माझ्या हातात दिला. चौथ्याचीही तीच गत.

मागच्या रविवारी मात्र घाबरलो. वितळलेल्या धातूचा रस ढवळायला सळई बुडवली, ती रात्रभर गच्चीवर पडलेली होती. फट्ट असा आवाज झाला आणि रसाचे थेंब उडाले. मनगटावर दोन ठिकाणी भाजलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. तेव्हापासून भट्टी पेटवलेली नाही.

माझे प्रश्न: भोकं का पडतात? गच्चीवर हे काम करावं का? आणि जुन्या पितळी नळांचा ढीग पडलाय, त्याचे बुश ओतता येतील का? धातू म्हणाल तर खिडकीच्या सेक्शनचे तुकडे आणि कोल्ड्रिंकचे कॅन वापरतो. जाणकारांनी सविस्तर सांगावं, मी सगळं करायला तयार आहे.

प्रतिसाद

भाऊ, मनगट आधी दाखवून घ्या. पुढच्या वेळी भाजलं तर लगेच वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट-हळद काही लावायचं नाही.

मी कोल्हापूरला शिरोलीत ओतकामात बरीच वर्षं काढली. तुमचं पहिलं काम म्हणजे गच्चीवरून खाली या. काँक्रीटच्या पोटात पाणी असतं. साडेसहाशे-सातशे अंशांचा रस त्यावर सांडला की त्या पाण्याची वाफ होते आणि स्लॅबचे तुकडे रसासकट उडतात. अंगणात चार इंच कोरडी वाळू पसरा, त्यावर भट्टी आणि त्यावरच साच्याच्या वाळूच्या पेट्या. जवळ पाण्याची बादली नको, कोरड्या वाळूची ठेवा. सळई, चिमटा, मळी (रसावर येणारा कचरा) काढायचा चमचा, रसात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी भट्टीच्या तोंडाशी तापवून घ्यायची, म्हणजे तिच्यावर ओलावा राहत नाही. नवीन मूससुद्धा पहिल्यांदा मंद आचेवर, हळूहळू. अंगात सुती कपडे, पायात कातडी बूट, पँट बुटाच्या वर सोडलेली. तोंडावर चष्मा पुरत नाही, पूर्ण फेसशील्ड घ्या.

आता भोकांबद्दल. कापलेला नग उन्हात धरून भिंगातून बघा आणि मला सांगा, भोकं गोल आणि आतून गुळगुळीत, चकचकीत आहेत की वेडीवाकडी, खरबरीत?

प्रतिसाद (धागाकर्ता)

काका, आत्ता बघितलं. बारीक आहेत ती गोल आणि चकचकीत. मधला मोठा खळगा मात्र खरबरीत आहे, आत खडीसाखरेसारखे कण दिसतात. मनगट दाखवून आलो, बरं आहे.

प्रतिसाद

मग तुमचे आजार दोन आहेत आणि औषधंही दोन.

गोल चकचकीत म्हणजे वायू. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन शोषून घेतं, आणि रस जितका जास्त तापवाल तितका जास्त. थिजताना तो त्याला पोटात ठेवता येत नाही, म्हणून बुडबुडे. ॲल्युमिनियम 660 अंशाला वितळतं, तुमच्या पुलीला 700 ते 730 पुष्कळ झालं. मूस लालभडक नारिंगी दिसेपर्यंत थांबत असाल तर फार तापवताय. रसाचं तापमान मोजायला के टाईप थर्मोकपल आणि मीटर घ्या, हा खर्च टाळू नका. सारखं ढवळू नका. वितळलं, मळी एकदा काढली, लगेच ओता. कॅन सोडून द्या, पत्रा इतका पातळ की निम्मं मळीतच जातं. सेक्शनचा धातू दाबून आकार द्यायला केलेला असतो, साच्यात नीट धावत नाही, तुमचे पहिले दोन नग त्यानेच अर्धवट राहिले असणार. गॅरेजमधून जुने पिस्टन आणा. त्यात सिलिकॉन असतं, रस पाण्यासारखा धावतो. पिन आणि रिंगा काढा, तेल-काजळी जाळून टाका. बंद पोकळी असलेला कुठलाही भाग, शॉकॲब्सॉर्बर वगैरे, भट्टीत कधीच टाकू नका, फुटतो.

वाळूत पाणी नक्की जास्त आहे. शंभर किलो वाळूला आठ-दहा किलो बेंटोनाईट आणि पाणी तीन-चार किलो, या हिशोबाने वजन करून घाला. मग मुठीत दाबा. गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत, मोडला की कडा धारदार पाहिजे आणि हात ओला लागता कामा नये. हाताला चिकटली तर पसरून सुकू द्या. ठोकून झाल्यावर सायकलच्या आऱ्याने वरच्या पेटीत आठ-दहा बारीक भोकं पाडा, साच्याला न टेकता. वाफ तिथून जाते.

खरबरीत खळगा हा आकसण्याचा. द्रवाचं घन होताना ॲल्युमिनियमचं आकारमान साधारण सहा टक्के घटतं. तुमच्या पुलीचा पातळ भाग आधी थिजतो, मधला जाड भाग शेवटी, आणि तेव्हा त्याला प्यायला रस उरलेला नसतो. म्हणून त्या जाड भागाच्या बरोब्बर वर रायझर, म्हणजे जादा रसाचा उभा खांब, ठेवा, त्याच्याहून जाड आणि दोन-अडीच इंच उंच. शेवटी थिजायला पाहिजे तो रायझर, पुली नव्हे. खळगा पडला तर रायझरात पडेल, तो कापून पुढच्या खेपेला वितळवायचा.

अजून एक. जुनीच पुली साचा म्हणून वापरलीत तर नवी लहान येणार. ॲल्युमिनियम लांबीत साधारण 1.3 टक्के आकसतं. 90 मिलीमीटरच्या पुलीला सव्वा मिलीमीटरच्या आसपास कमी पडेल, वर खरादीवर घासायला दोन मिलीमीटर हवेतच. बाहेरून एम-सीलचा जाड थर द्या, उतार देऊन घासा, वर वॉर्निश मारा.

प्रतिसाद

पितळेबद्दल मी सांगतो, माझ्या मामांचं मूर्तींचं ओतकाम आहे. आत्ता नको. पितळ नऊशेच्या पुढे वितळतं आणि त्यातलं जस्त 907 अंशाला उकळतं. पांढरा धूर आणि कापसासारखे तंतू उडतात. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुन्या नळांत शिसंही असतं.  नळ भंगारात द्या आणि बुशसाठी गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) तयार दांडा आणून खरादीवर करून घ्या.

प्रतिसाद (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच कळवलं नाही, कारण करूनच सांगायचं ठरवलं होतं.

भट्टी अंगणात आणली. अकरा पिस्टन मिळाले. वाळू वजन करून मळली, मूठ मोडून बघितली तेव्हा कळलं की आधी मी जवळजवळ दुप्पट पाणी घालत होतो. काल पहाटे पाचला सुरुवात केली, आपल्याकडचं ऊन माहीत आहेच, दहानंतर भट्टीजवळ उभं राहवत नाही. मीटर 715 दाखवत असताना ओतलं. रायझरचं तोंड बघत बसलो होतो. मधोमध हळूहळू खाली बसत गेलं, बशीसारखं, आणि काका, तेव्हा तुमचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं.

आज खरादीवर बोअर मारला. खळगा नाही. एका कडेला दोन टाचणीएवढी छिद्रं आहेत, पण ती खाचेच्या बाहेर. पट्टा चढवून आईने दुपारभर कांड्या भरल्या. वाळू तीच पुन्हा वापरताना काळी पडलेली काढून टाकायची का, तेवढं सांगा.