विजेवरच्या हीटिंगमुळे बिल चौपट : भाड्याच्या फ्लॅटमध्ये नेमके काय तपासावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघे एका छोट्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि बाथरूम एवढेच घर आहे. इमारतीत गॅसची जोडणी नसल्यामुळे खोल्या उबदार ठेवण्यापासून अंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळे काही विजेवरच चालते. थंडी सुरू होण्यापूर्वी आमचा वापर दिवसाला सरासरी ८ ते ९ युनिट होता. आता तो ३५ च्या पुढे गेला आहे आणि बिलही त्याच पटीत फुगले आहे. थंडीत बिल वाढणार हे धरूनच चाललो होतो, परंतु चौपट होणे स्वाभाविक आहे की घरात, उपकरणांत किंवा वायरिंगमध्ये कुठे दोष आहे, हे आम्हाला ठरवता येत नाही.

घराची माहिती देते, कारण त्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, कोपऱ्यात आहे. म्हणजे दोन भिंती बाहेरच्या आणि डोक्यावर थेट गच्ची. हॉलची मोठी खिडकी एकेरी काचेची आहे. हॉलमध्ये २००० वॉटचा आणि बेडरूममध्ये १५०० वॉटचा कन्व्हेक्टर (वरच्या तोंडातून गरम हवा सोडणारा) हीटर भिंतीत पक्का बसवलेला आहे व दोन्ही घरमालकांचे आहेत. त्यांच्या नॉबवर अंश नाहीत, नुसते १ ते ६ आकडे आहेत. हॉलचा हीटर नेमका खिडकीखाली आहे आणि पडदा सोडला की त्याचे वरचे तोंड पडद्याआड जाते. पाण्यासाठी बाथरूमशेजारच्या कपाटात एक मोठी टाकी असून तिच्यात ३००० वॉटचे एलिमेंट आहे. ती घरमालकांच्या सूचनेनुसार कायम चालू असते.

मी माझ्यापरीने हिशेब मांडून पाहिला. १००० वॉटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट, या न्यायाने दोन्ही हीटर मिळून तासाला साडेतीन युनिट खातात. दिवसभर आम्ही दोघेही कामावर असतो. सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळपासून झोपेपर्यंत मिळून हीटर फार तर सहा तास चालतात, आणि त्यातही थर्मोस्टॅट त्यांना मधूनमधून बंद करतोच, तसा ‘टक्’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे ते सहाही तास अखंड चालले असे धरले तरी २१ युनिट होतात. प्रत्यक्षात १८ च्या आसपास होत असावेत. त्यात थंडीपूर्वीचे ८-९ मिळवले तर २७ चा आकडा येतो. मग उरलेले ८ युनिट जातात कुठे?

बिलावरचे रीडिंग अंदाजे टाकलेले नाही, प्रत्यक्ष घेतलेले आहे, आणि मी मीटरचा फोटो काढून ते ताडून पाहिले आहे. घर ताब्यात घेताना सुरुवातीच्या रीडिंगचाही फोटो काढला होता, त्यामुळे आधीच्या भाडेकरूचा वापर आमच्या माथी आलेला नाही. (कोणालाही विचारले की पहिले उत्तर ‘मीटर फास्ट पळत असेल’ हेच मिळते, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.)

सल्ले तर उदंड मिळाले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एकांचे म्हणणे असे की हीटर दिवसभर मंद चालू ठेवावा, कारण गार पडलेले घर पुन्हा तापवायलाच जास्त वीज लागते. दुसऱ्यांच्या मते ऑइलचा रेडिएटर आणला की बिल निम्म्यावर येते. तिसऱ्यांनी इन्फ्रारेड पॅनेल सुचवले आहे. यांपैकी खरे काय? शिवाय घर आमचे नसल्यामुळे भिंत फोडणे किंवा खिडकी बदलणे आमच्या हातात नाही. घरमालकांचा स्वभाव भांडखोर नाही, परंतु ‘वापर तुमचा, बिल तुमचे’ यापुढे त्यांचे बोलणे सरकत नाही. भाडेकरारात वीजबिल भाडेकरूने भरावे आणि पक्क्या बसवलेल्या उपकरणांची दुरुस्ती मालकाने करावी असे लिहिलेले आहे. तेव्हा दोष त्यांच्या उपकरणांत असेल तर तो त्यांच्यासमोर आकड्यांनिशी कसा मांडावा, हाच माझा मुख्य प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आधी हीटरच्या प्रकारांविषयी लिहितो, कारण त्यात लोकांचे पैसे विनाकारण जातात. कॉइलचा, ऑइलचा, पंख्याचा किंवा पॅनेलचा, कोणताही साधा विजेचा हीटर घेतलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच करतो. १ युनिट वीज दिली की १ युनिट उष्णता मिळते आणि यात कोणताही ब्रँड जादू करू शकत नाही. ऑइलचा रेडिएटर बंद केल्यावरही काही वेळ गरम राहतो हे खरे, पण ती ऊब आधी मीटरमधूनच आलेली असते. इन्फ्रारेडचा उपयोग एवढाच, की खोलीतली सगळी हवा न तापवता समोर बसलेल्या माणसाला ऊब मिळते. एकाच जागी बसून काम करणाऱ्याला तो परवडू शकतो. खरा फरक पाडतो तो हीट पंप, म्हणजे गरम हवाही देणारा एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे बेताच्या थंडीत १ युनिट विजेमागे ३ युनिटच्या आसपास उष्णता मिळते, आणि बाहेरचे तापमान खूप उतरले की हे प्रमाणही उतरते. पण त्यासाठी घरमालकांची परवानगी आणि बाहेर एसीचे यंत्र बसवायला जागा हवी.

‘दिवसभर मंद ठेवा’ हा सल्ला आपल्या हीटरच्या बाबतीत चुकीचा आहे. घरातून उष्णता बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात. घर गार असताना ती कमी जाते, म्हणून आपण घरात नसताना हीटर बंद ठेवण्यातच बचत आहे. रात्रीच्या स्वस्त दरात विटा तापवून ठेवणारे स्टोअरेज हीटर निराळे. त्यांचे वेळापत्रक निराळे असते. याच नियमाने एक गणित करून पाहा. आत २२ अंश आणि बाहेर ७ अंश असतील तर फरक १५ चा झाला. आत २० वर भागवले तर तो १३ होतो, म्हणजे हीटिंगचा सुमारे १३ टक्के खर्च तिथेच वाचतो. नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नका. एक साधा तापमापक हीटरपासून दूर, बसल्यावर छातीच्या उंचीवर येईल असा ठेवा आणि नॉबचा कोणता आकडा म्हणजे किती अंश, ते आपले आपण ठरवा.

पडद्याचे मात्र लगेच पाहा. हीटरचे तोंड पडद्याने झाकले जाणे आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे, आणि गरम हवा पडद्यामागे चढून थेट काचेला भिडते. एकेरी काच अशी की, ३ चौरस मीटरची खिडकी १५ अंशांच्या फरकाला सुमारे २५० वॉट उष्णता बाहेर घालवते. अहोरात्र तेवढाच फरक राहिला तर दिवसाला ६ युनिट होतात. पडदा हीटरच्या वरच संपेल आणि खिडकीच्या कठड्याला टेकेल इतका आखूड करून घ्या. खिडकीच्या चौकटीला आतून चिकटवायची पारदर्शक फिल्म मिळते. हेअर ड्रायरने ती ताणून बसते आणि घर सोडताना काढून टाकता येते. फटींना फोमची पट्टी आणि दाराखाली ब्रशची पट्टी लावा. यांतल्या कशालाही भिंत फोडावी लागत नाही.

प्रतिसाद :

वरील प्रतिसाद योग्यच आहे, पण ताईंचा प्रश्न त्या ८ युनिटांचा आहे आणि त्याचे उत्तर मीटरवरच मिळेल. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी १ युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. १०००, १६०० किंवा ३२०० असा काहीतरी. आकडा १००० असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागा; त्या क्षणी किती वॉट चालू आहेत ते कळेल. मध्ये ३.६ सेकंद गेले तर १००० वॉट, १.२ सेकंद गेले तर ३००० वॉट.

पहिल्यांदा घराचा मेन स्विच बंद करून पाहा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर जिन्यातला दिवा किंवा शेजाऱ्यांची एखादी लाइन आपल्या मीटरवर जोडलेली आहे. जुन्या इमारतींत हे घडते. दिवा थांबला तर मेन चालू करून सगळे एमसीबी (प्रत्येक लाइनचे वेगळे छोटे स्विच) पाडा आणि एकेक वर करत जा. पण काही दोष असे असतात की ते सलग दिसत नाहीत. म्हणून रात्री झोपताना दोन्ही हीटर बंद करून रीडिंग घ्या, सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा घ्या. त्या वेळात फ्रिजखेरीज काही चालू नसेल तर एखाद-दुसऱ्या युनिटापेक्षा जास्त जाता कामा नये. माझा संशय टाकीवर आहे.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. मेन बंद केल्यावर दिवा थांबला, तेव्हा शेजाऱ्यांचा प्रश्न मिटला. परंतु रात्रीच्या आठ तासांत साडेतीन युनिट गेले. मग मी टाकीखेरीज सर्व एमसीबी पाडून मीटरसमोर बसून राहिले. बराच वेळ दिवा विझलेलाच होता. नंतर एकदम सव्वा-सव्वा सेकंदाने लुकलुकू लागला, काही मिनिटे तसाच चालला आणि पुन्हा थांबला. तासाभरात हे पुन्हा घडले, आणि त्या वेळात घरात कोणी पाण्याला हातही लावलेला नव्हता.

त्यानंतर कपाटातले पाइप हाताने चाचपून पाहिले. टाकीच्या वरच्या बाजूने एक तांब्याचा पाइप निघून भिंतीतून बाल्कनीच्या मोरीवर उतरतो. तो चांगला गरम होता आणि त्याच्या टोकाशी करंगळीपेक्षाही बारीक अशी पाण्याची धार अखंड चालू होती. मोरीच्या जाळीखाली पाणी नाहीसे होत असल्यामुळे ते कधी नजरेस आले नव्हते. बादली लावली तर तासाभरात ६ लिटरच्या आसपास पाणी जमले. यामुळे ८ युनिट जाऊ शकतात का?

प्रतिसाद :

नक्कीच जाऊ शकतात. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात आणि १ युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. नळाचे पाणी १५ अंशांचे आणि टाकीतले ६० अंशांचे धरले तर ६ लिटरना तासाला ०.३१ युनिट, म्हणजे दिवसाला साडेसात युनिट होतात. टाकीच्या अंगातून जाणारी उष्णता यात धरलेली नाही. टाकीला जाड आवरण नसेल तर तीही दिवसाला एक-दोन युनिट खाते.

हा पाइप सेफ्टी व्हॉल्व्हचा आहे. पाणी तापताना फुगते, त्यामुळे तापण्याच्या वेळी त्यातून थोडे थेंब पडणे चालते. अखंड धार म्हणजे व्हॉल्व्ह खराब झाला आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. कोणी काहीही सांगितले तरी तो पाइप बूच मारून किंवा कापड बांधून बंद करू नका. टाकीतला दाब बाहेर पडायची वाट तीच आहे, आणि ती अडवली तर टाकी फुटू शकते. दुरुस्ती होईपर्यंत टाकीचा स्विच कायम चालू न ठेवता वापरापूर्वी तास-दीड तास लावा. मात्र थर्मोस्टॅट ६० अंशांच्या खाली आणू नका, कारण कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे, फुप्फुसांना संसर्ग करणारे जिवाणू वाढतात.

पत्रात घरमालकांना ‘बिल फार येते’ असे लिहू नका. रात्रीची दोन्ही रीडिंग फोटोंसह द्या, बादलीचे मोजमाप द्या, धारेचा व्हिडिओ जोडा आणि भाडेकरारातील दुरुस्तीचे कलम उद्धृत करा. फोनवर बोलणे झाले तरी लेखी कळवाच.

धागाकर्ती :

आपण सांगितल्याप्रमाणे लेखी कळवले आणि घरमालकांनी दुसऱ्याच दिवशी प्लंबर पाठवला. व्हॉल्व्ह बदलला आहे. पाइप आता गार असतो आणि रात्रीचे रीडिंग एका युनिटाच्या आत आले आहे. हॉलचा पडदाही आखूड करून घेतला असून पूर्वी नॉब ५ वर ठेवावा लागत होता तो आता साडेतीनवर पुरतो. तरीही हीटिंगचे १५-१६ युनिट राहतीलच असे दिसते. दोन शंका उरल्या आहेत. हीटर कमी केल्यावर बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओल धरू लागली आहे, ती कशी आवरावी? आणि वाया गेलेल्या विजेचे पैसे घरमालकांकडे मागता येतील का?

प्रतिसाद :

कपडे घरात वाळवत असाल तर ओलीचे कारण बहुधा तेच आहे. १ लिटर पाणी हवेत मिसळायला सुमारे ०.७ युनिट उष्णता लागते, ती आपलाच हीटर पुरवतो आणि तेच पाणी गार भिंतीवर जाऊन बसते. कपडे बाथरूममध्ये दार लावून आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून वाळवा. रोज सकाळी खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडून बंद करा. तेवढ्यात हवा बदलते आणि भिंती गार पडत नाहीत. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर ते चार बोटे पुढे ओढा. बेडरूम अगदी गार पडू देऊ नका. १६-१७ अंश राहतील इतपत हीटर ठेवा आणि रात्रीसाठी विजेची चादर घ्या, ती १०० वॉटच्या आतच चालते.

पैशांबाबत भाडेकरारात स्पष्ट कलम नसेल तर सक्ती करणे अवघड आहे. व्हॉल्व्ह कधीपासून गळत होता हे सिद्ध करता येत नाही, म्हणून थंडीभराची भरपाई मागू नका. आपण लेखी कळवल्या दिवसापासून दुरुस्तीपर्यंतचा काळ एका दिवसाचाच आहे, त्याचे पैसे मागण्यात अर्थ नाही. त्याऐवजी हॉलच्या खिडकीची फिल्म, फटींच्या पट्ट्या आणि टाकीचे आवरण यांचा खर्च घरमालकांनी करावा असे सुचवून पाहा. व्हॉल्व्ह तत्परतेने बदलून देणारा मालक याला सहसा नाही म्हणत नाही, आणि या वस्तू घरातच राहणार असल्यामुळे त्यांनाही ते पटेल.