फ्लॅप अडकलाय, अख्खा मॅनिफोल्ड बदलायचा का?

दमलेलीगाडी: टर्बो डिझेल आहे. खालच्या आरपीएमला छान चालते, पण २५०० च्या पुढे दमच नाही. चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी२००६, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागातला) हवेची वाट उघडझाप करणारा फ्लॅप बंद स्थितीत अडकलाय. कोड पुसला तरी परत येतो. गॅरेजवाला म्हणतो मॅनिफोल्डच बदला. खरंच गरज आहे का?

दहानंबरपाना: थांबा, आत्ताच पैसे मोजू नका. कोड एवढंच सांगतो की फ्लॅप हव्या त्या जागी पोचत नाही. का, ते आपण बघायचं. इंजिन बंद करून ॲक्च्युएटरची (फ्लॅप फिरवणाऱ्या यंत्रणेची) दांडी लिव्हरपासून सोडवा. (ती आधीच निसटलेली नाही ना, हे पाहा. प्लास्टिकचं टोक झिजलं की सुटतंच.) मग लिव्हर हाताने फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलका गेला तर फ्लॅप ठीक. मग दोष ॲक्च्युएटरचा, सोलेनॉइडचा (त्याला व्हॅक्युम देणारी विजेवरची झडप) नाहीतर चिरलेल्या व्हॅक्युम पाइपचा.

दमलेलीगाडी: लिव्हर अर्धा फिरतो, पुढे जड होऊन थांबतो. हातपंपाने व्हॅक्युम दिला तर दांडी पूर्ण ओढली जाते, पंपाच्या गेजचा काटाही मग खाली येत नाही, म्हणजे गळती नाही.

दहानंबरपाना: म्हणजे ॲक्च्युएटर चांगला. आत ईजीआरची (धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातल्या वाफा बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारं तेल मिळून डांबरासारखा थर बसलाय. मॅनिफोल्ड उतरवा. चालू इंजिनात स्प्रे मारायच्या भानगडीत पडू नका, सुटलेला खपला थेट सिलिंडरमध्ये जातो. उतरवल्या उतरवल्या सिलिंडर हेडची उघडी तोंडं कापडाने बंद करा. क्लीनरमध्ये भिजू द्या, ब्रशने खरवडा, लिव्हरवर जोर नको. साफ झालं की एकेक फ्लॅप बोटाने हलवून बघा. शाफ्टवर खुळखुळत असेल तर मात्र गॅरेजवाल्याचंच ऐका, तो तुटून पडला तर इंजिन उघडावं लागेल. आणि गॅस्केट नवीनच, जुन्यातून बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळतो.

काजळीमुक्त: एवढा खटाटोप कशाला? फ्लॅप काढून भोकं बुजवून टाका.

दहानंबरपाना: मला नाही पटत. कमी आरपीएमला हवेला घुमाव देणं हेच फ्लॅपचं काम. ते काढले तर धूर वाढतो आणि बऱ्याच गाड्यांत दिवा पेटलेलाच राहतो.

वायरिंगवाला: एक भर: ज्यांचा ॲक्च्युएटर मोटरवर चालतो त्यांनी जोडणीनंतर स्कॅनरने त्याची दोन्ही टोकं शिकवून घ्यावीत. बऱ्याच मॉडेलमध्ये ते केलं नाही तर साफ मॅनिफोल्डवरही कोड येतो.

दमलेलीगाडी: माझा व्हॅक्युमचाच आहे. गॅस्केट मागवलंय, ते आलं की उतरवतो.